हॅना शीही-स्केफिंग्टनचे कागद

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर आयर्लंडचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच्या हस्तलिखित विभागात हॅना शीही-स्केफिंग्टनचे कागद ठेवले आहेत. बायकांच्या मताधिकारासाठी ती तुरुंगात गेली, नवऱ्याच्या खुनाचा जाब तिने थेट ब्रिटिश पंतप्रधानांना विचारला आणि देश स्वतंत्र झाल्यावर आपल्याच पुढाऱ्यांशीही शेवटपर्यंत भांडली. सवड मिळेल तसे मी हे कागद वाचते आहे. अशा संग्रहाशी नेमकं कसं वागायचं हे मला शिकत शिकत कळलं. ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं आणि हॅना मराठी वाचकांना माहीत व्हावी, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात इतिहास शिकवत असे. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७मध्ये फर्ग्युसन कॉलेजात भरलं, महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या, हे सांगताना ‘मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी यात पुढाकार घेतला’ असं एक वाक्य यायचं आणि तास पुढे सरकायचा. डब्लिनला राहायला आल्यावर त्या वाक्याच्या मागे जावंसं वाटलं. मार्गारेट रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावची, संगीताची पदवीधर. १९०८मध्ये तिने आणि हॅनाने मिळून ‘आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग’ ही बायकांच्या मताधिकारासाठीची संघटना काढली. १९१३च्या सुरुवातीला ती टलामोरच्या तुरुंगात उपोषणाला बसली, त्याच वर्षी नवरा जेम्सबरोबर तिने आयर्लंड सोडलं आणि १९१५मध्ये दोघं भारतात पोचले. पुढे १९३२मध्ये इंग्रज सरकारने तिला वेल्लोरच्या तुरुंगात टाकलं. अशा बाईची मैत्रीण कोण, तिची लढाई काय होती, हे बघायला गेले आणि हॅनापाशीच थांबले.

सुरुवात ग्रंथालयाची पायरी चढण्याआधीच करायची असते. सूची वाचायची. हॅनाचा संग्रह घरच्यांकडून टप्प्याटप्प्याने ग्रंथालयात आला. त्यामुळे काही फायलींचे क्रमांक एकवीस-बावीस हजारांच्या घरातले, काहींचे तेहतीस हजारांच्या, आणि मोठा भाग चाळीस-एक्केचाळीस हजारांच्या घरातला. एकाच काळातली पत्रं त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असतात. कुटुंबातला पत्रव्यवहार, स्त्रियांची चळवळ, नवऱ्याचा म्हणजे फ्रँकचा खून, अमेरिकेतले दौरे, लेख आणि भाषणं अशी सूचीकारांनी लावलेली गटवारी तिथे आहे. ती नसती तर या कागदांच्या रानात शिरताच आलं नसतं. सुरुवातीला मी अर्थातच ‘चळवळ’ हा गट मागवला. घरगुती पत्रं नंतर बघू म्हणाले. वाचता वाचता कळत गेलं की या बाईचं राजकारण समजून घ्यायचं तर घरगुती पत्रांपासूनच सुरुवात करायला हवी.

कारण तिचं घरच तसं होतं. हॅनाचा जन्म २४ मे १८७७चा, कॉर्क परगण्यातल्या कँटर्कचा. वडील डेव्हिड शीही आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे, म्हणजे ब्रिटिश संसदेत आयर्लंडसाठी स्वराज्य मागणाऱ्या पक्षाचे, खासदार. काका यूजीन शीही पाद्री, पण जमीन चळवळीत कुळांच्या बाजूने उभे राहून तुरुंगात गेलेले. बहीण मेरी हिचा नवरा टॉम केटल, तोही माजी खासदार, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला. भाऊ यूजीनही त्याच सैन्यात. आणि हॅनाचा नवरा फ्रान्सिस, म्हणजे फ्रँक, हाडाचा युद्धविरोधी. १९०३मध्ये लग्न करताना दोघांनी एकमेकांची आडनावं जोडून घेतली. विद्यापीठात बायकांना बरोबरीने घ्यावं या मागणीपायी फ्रँकने १९०४मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजातली रजिस्ट्रारची नोकरी सोडली. एकाच जेवणाच्या टेबलाभोवती सरकारला पाठिंबा देणाऱ्या पक्षाचा खासदार, सैनिक, शांततावादी आणि मताधिकारासाठी खिडक्या फोडणारी मुलगी बसत असतील, तर त्या घरातल्या पत्रांना ‘खासगी’ कसं म्हणायचं?

वाचक म्हणून प्रवेश मिळवणं सोपं आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचक-कार्ड मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत. हस्तलिखितं मात्र आधी मागवून ठेवलेली बरी. बॅग, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं, कागद टेबलावरून उचलायचे नाहीत आणि ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत ठेवायचे. हा क्रमाचा नियम मला फार मोलाचा वाटतो. पत्राच्या मागे पत्र कुठलं होतं, यातूनही पुष्कळ कळतं, आणि एकदा विस्कटलेला क्रम पुन्हा कुणालाच लावता येत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरते फोटो काढता येतात. मी प्रत्येक फोटोत फोल्डरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवते. घरी गेल्यावर क्रमांक नसलेला फोटो म्हणजे रद्दी.

तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल कृतज्ञतेने लिहायला हवं. आपण कोण, कुठल्या विद्यापीठाच्या, असं कुणी विचारलं नाही. एका बाईंनी मात्र मी हॅनाच्या शेजारणीच्या रोजनिश्या पाहिल्या आहेत का, असं आपणहून विचारलं. १९१६नंतर हॅना रॅथमाइन्समध्ये ७, बेलग्रेव्ह रोडवर राहायला गेली. त्याच रस्त्यावर डॉ. कॅथलीन लिन राहत. १९१६च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात बंडखोरांच्या बाजूने वैद्यकीय अधिकारी म्हणून उतरलेल्या आणि पुढे गरिबांच्या बाळांसाठी हॉस्पिटल काढणाऱ्या या डॉक्टरीणबाईंच्या रोजनिश्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहेत, आणि ते कॉलेज त्याच किल्डेअर स्ट्रीटवर, चार पावलांवर.

आता वाचनाबद्दल. हॅना घाईने लिहिते. शब्द आखडते, नावांच्या जागी नुसती आद्याक्षरं टाकते. घरच्यांना लिहिताना तर फक्त वार घालते, तारीख नाही. मी आधी तिची भाषणं वाचली, कारण ती सावकाश लिहिलेली असतात आणि छापील मजकुराशी ताडून बघता येतात. त्यावरून तिच्या अक्षरांचा एक तक्ता केला आणि मग पत्रांकडे वळले. तारीख ठरवण्यासाठी पाकिटावरचा टपालाचा शिक्का, पत्राच्या डोक्यावरचा पत्ता, तिच्या मुलाच्या, छोट्या ओवेनच्या, दातांचा किंवा शाळेचा उल्लेख, जे मिळेल ते वापरायचं. ओवेन मे १९०९चा. त्याचं वय कळलं की पत्राचं वर्ष कळतं. आईपणाच्या तपशिलावर चळवळीचा कालक्रम लावता येतो, हे मला कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

१३ जून १९१२ रोजी हॅनाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी डब्लिनमधल्या सरकारी इमारतींच्या खिडक्या फोडल्या. आयर्लंडच्या स्वराज्याच्या विधेयकात बायकांना मत नव्हतं आणि तिच्या वडिलांच्या पक्षाने त्यासाठी बोट उचललं नव्हतं. आठ बायकांना अटक झाली. हॅनाला माउंटजॉय तुरुंगात ठेवलं. त्याच उन्हाळ्यात पंतप्रधान ॲस्क्विथ डब्लिनला आले असताना गोंधळ घातल्याबद्दल पकडलेल्या दोन इंग्रज स्त्रिया, मेरी ली आणि ग्लॅडिस एव्हन्स, तिथे उपोषणाला बसल्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी हॅनाही बसली. त्या दोघींना नळीने जबरदस्तीने अन्न घालण्यात आलं. हॅना सुटली तेव्हा ओवेन तीन वर्षांचा होता. रॅथमाइन्सच्या व्यापारी शाळेत ती जर्मन शिकवायची, ती नोकरीही पुढे गेली.

या काळासाठी दुसऱ्या दप्तरात जावंच लागतं. बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तुरुंग मंडळाच्या कागदांत मताधिकारवादी कैद्यांच्या फायली आहेत. तुरुंगाधिकाऱ्याची पत्रं, डॉक्टरांचे अहवाल, वरून आलेले आदेश. तिथे हॅना ही एक कैदी आहे, तिची प्रकृती ही सरकारपुढची अडचण आहे. किल्डेअर स्ट्रीटवर तीच बाई घराची काळजी करते, पुस्तकं मागवते, लीगच्या सभेचं काय झालं ते विचारते. सरकारी फाइल एकटी वाचली तर ती आजारी बंदिवान वाटते. घरची पत्रं एकटी वाचली तर तुरुंगवास जणू सोपा गेला असं वाटतं, कारण घरच्यांना धीर देण्यासाठीच ती लिहीत असते. माझ्या मते एक संग्रह वाचून कुणा बाईबद्दल लिहिणं धोक्याचं आहे. निदान तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांचे कागद तरी शेजारी हवेतच.

आणि मग १९१६. या फायली मी सलग वाचू शकले नाही. मध्ये उठून बाहेर जावं लागायचं.

ईस्टरच्या आठवड्यात बंड पेटलं तेव्हा फ्रँक दुकानांची लूट थांबवायला नागरिकांची टोळी उभी करू पाहत होता. २५ एप्रिलच्या संध्याकाळी घरी येताना पोर्टोबेलो पुलापाशी त्याला पकडलं. ब्रिटिश सैन्यातल्या कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्टने त्याला ओलीस म्हणून छाप्यावर नेलं. वाटेत त्या अधिकाऱ्याने जेम्स कोड या तरुण मुलाला गोळी घातली, ते फ्रँकच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टोबेलो बराकीच्या आवारात फ्रँकला आणि थॉमस डिक्सन व पॅट्रिक मॅकिंटायर या दोन पत्रकारांना खटला न चालवता गोळ्या घातल्या. हॅनाला कुणी काही कळवलं नाही. तिच्या दोन बहिणी बराकीत चौकशीला गेल्या तर त्यांनाच अडकवून ठेवलं. २८ एप्रिलला, शुक्रवारी, हॅनाला कोडच्या वडिलांकडून समजलं. त्यांनी मुलाच्या प्रेताजवळ फ्रँकचं प्रेत पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी कोल्थर्स्ट सैनिक घेऊन ११, ग्रोव्हनर प्लेसवर आला. खिडक्यांतून गोळ्या झाडत ते घरात शिरले. घरात हॅना, सात वर्षांचाही पुरता नसलेला ओवेन आणि कामवाली मुलगी. फ्रँकच्या अंगावरून काढून घेतलेल्या किल्ल्यांनी त्यांनी त्याची अभ्यासिका उघडली आणि कागद, पुस्तकं, चित्रं गोळा करून नेली. मेलेल्या माणसाविरुद्ध त्यांना पुरावा हवा होता.

हा छापा माहीत झाल्यावर हा संग्रह माझ्यासाठी वेगळाच झाला. हॅनाने पुढची तीस वर्षं कागद का जपले, याचं कारण तिथे आहे असं मला वाटतं. सांत्वनाची पत्रं, वकिलांशी पत्रव्यवहार, चौकशीचे कागद, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं. मे महिन्यात फ्रँकचं प्रेत बराकीतून उकरून ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पुरलं, तेव्हा त्याच्या वडिलांना हजर राहू दिलं ते सुनेला कळवायचं नाही या अटीवर. सरकार प्रेतही लपवतं आणि कागदही नेतं, हे पाहिलेल्या बाईने घरातल्या प्रत्येक चिठोऱ्याला साक्षीदार केलं.

त्याच बराकीत, म्हणजे आजच्या काहल ब्रुहा बराकीत, आता लष्करी अभिलेखागार आहे. आधी वेळ ठरवून, गेटवर ओळख पटवून आत जावं लागतं. ज्या आवारात फ्रँकला मारलं त्याच आवारात बसून त्या काळचे कागद वाचायचे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्यांच्या १,७७३ लेखी साक्षी १९४७पासून दहा वर्षं गोळा करण्यात आल्या. २००३ साली त्या खुल्या झाल्या आणि आज घरबसल्याही वाचता येतात. हॅनाची साक्ष त्यांत नाही, ती १९४६मध्येच गेली होती. म्हणून इतरांच्या साक्षींत तिचं नाव शोधायचं आणि किल्डेअर स्ट्रीटवरच्या तिच्या शब्दांशी ताडायचं, असं माझं काम चालतं.

कोल्थर्स्टचं कृत्य वर कळवणारा मेजर सर फ्रान्सिस व्हेन हाही ब्रिटिश अधिकारीच होता, हे मुद्दाम नोंदवते. जूनमध्ये लष्करी न्यायालयाने कोल्थर्स्टला दोषी पण वेडा ठरवलं. जुलैमध्ये हॅना लंडनला जाऊन पंतप्रधान ॲस्क्विथना भेटली. त्यांनी १०,००० पौंडांची भरपाई देऊ केली. नोकरी नसलेल्या, लहान मूल पदरी असलेल्या बाईला. तिने ती नाकारली आणि जाहीर चौकशी मागितली. ऑगस्टमध्ये सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. या महिन्यांतल्या फायली वाचताना घरखर्चाची काळजी आणि न्यायाची मागणी एकाच दिवसाच्या कागदांत दिसते. त्या १०,००० पौंडांचं वजन मला तिथे कळलं. आणि सप्टेंबरमध्ये टॉम केटल फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिश गणवेशात मारला गेला. पाच महिन्यांत दोन सख्ख्या बहिणी विधवा झाल्या. एकीच्या नवऱ्याला ज्या सैन्याने मारलं, दुसरीचा नवरा त्याच सैन्यासाठी मेला. या दोघींची एकमेकींशी असलेली माया मी या पत्रांतून शोधत असते. आयर्लंडच्या त्या वर्षाबद्दल इतकं खरं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

अमेरिकेच्या दौऱ्यावर मी अजून पुरतं काम केलेलं नाही. डिसेंबर १९१६मध्ये ती खोट्या नावाने ओवेनला घेऊन तिकडे गेली, अडीचशेहून जास्त सभा घेतल्या, जानेवारी १९१८मध्ये अध्यक्ष विल्सनना भेटली. परतल्यावर पुन्हा अटक, लंडनचा होलोवे तुरुंग, पुन्हा उपोषण, सुटका.

नंतरची वर्षं मात्र लोक वाचतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. १९२६मध्ये ती उठावातला पुढारी डी व्हॅलेरा याच्या नव्या फियाना फॉल पक्षाच्या कार्यकारिणीत गेली. पुढच्या वर्षी तो राजनिष्ठेच्या शपथेचा विधी उरकून संसदेत गेला, तेव्हा ती बाहेर पडली. १९३३मध्ये बंदी मोडून उत्तर आयर्लंडमध्ये भाषण केल्याबद्दल आर्माच्या तुरुंगात महिनाभर राहिली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. १९३७च्या राज्यघटनेने बाईची जागा घरात आहे असं सुचवलं, त्याविरुद्ध ती उभी राहिली. १९४३मध्ये सहासष्टाव्या वर्षी अपक्ष म्हणून निवडणूक लढवली आणि अनामत रक्कम गमावली. उतारवयातही ती शिकवून आणि लेख लिहून पोट भरत होती. या काळातल्या जाहिरपत्रकांना आणि बिलांना मागणी कमी, त्यामुळे फोल्डर लगेच मिळतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने घरगुती पत्रांबरोबर हेही आधी वाचावं असं मी सांगेन. इथे हुतात्म्याची विधवा बाजूला पडते आणि हॅना स्वतः समोर येते.

छापण्याच्या परवानगीबद्दल थोडं, कारण याबाबत मला बरेच जण विचारतात. आयर्लंडच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं लेखनहक्क टिकतो. हॅना १९४६ची, म्हणजे तिच्या स्वतःच्या पत्रांवरचा हक्क २०१६च्या अखेरीस संपला. मार्गारेट कझिन्स १९५४मध्ये गेली, तिची पत्रंही आता मोकळी आहेत. ओवेन मात्र १९७०मध्ये गेला, त्यामुळे त्याने आईला लिहिलेली पत्रं २०४० संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत. कागद कुणाकडे आहे आणि तो लिहिला कुणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पत्राच्या नोंदीत मी लिहिणाऱ्याचं मृत्यूवर्ष टाकून ठेवते.

सध्या मी कझिन्स दांपत्याच्या पत्रव्यवहारावर आहे आणि त्याचं दुसरं टोक पुण्यात शोधते आहे. जानेवारी १९२७च्या त्या अधिवेशनाला महाराष्ट्रातून ज्या बायका गेल्या, त्यांच्या घरी काही ना काही नक्की असणार: निमंत्रणपत्रिका, प्रवासाचा हिशोब, सासरी लिहिलेलं पत्र, ‘येताना उशीर होईल’ एवढीच चिठ्ठी. कुणाच्या आजीची, पणजीची अशी पेटी माळ्यावर असेल तर ती रद्दीत घालू नका. ठराव आणि भाषणं तेवढी वेगळी काढून बाकीचं टाकून देऊ नका. पाकिटं पत्रांबरोबरच राहू द्या, क्रम बदलू नका, गंजलेल्या टाचण्या काढून कागद कोरड्या जागी ठेवा, आणि जवळच्या एखाद्या संशोधन संस्थेला किंवा ग्रंथालयाला कळवा.